चाकाची साक्ष

कात्रजच्या नव्या बोगद्याची लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी सव्वा मिनिटात त्यातून बाहेर पडते. साताऱ्याकडून येताना बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा लांब उतार लागतो. अपघातांच्या बातम्यांमुळे तो उतार पुणेकरांना पाठ झालेला आहे. गेल्या डिसेंबरात साताऱ्यात दोन दिवस जुने कागद पाहून मी परत येत होतो. दिवेलागणीची वेळ होती. गाडीच्या पडद्यावरचा नकाशा रस्ता दाखवत होता आणि बोगदा ओलांडल्यावर सेवा रस्त्याला कुठे लागायचे ते त्यातली बाई सांगणार होती.

बोगद्याच्या तोंडाशी नकाशावरचा बाण थांबला. गाडी आत शिरली, पुढे गेली, दुसऱ्या टोकाने बाहेरही पडली, तरी बाण मागेच, कात्रजच्या डोंगरापलीकडे उभा. काही क्षणांनी त्याने एकदम उडी मारली आणि "डावीकडे वळा" असा आवाज आला. तोवर वळण मागे पडले होते. आज्ञा ऐकण्याच्या सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या ट्रकने इतका लांब हॉर्न वाजवला की हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. काही झाले नाही. मी उतार उतरलो, नवले पुलाखालून वळून घरी आलो. पण तो बाण डोक्यातून जाईना.

उपग्रहाचे संकेत डोंगराच्या पोटात पोचत नाहीत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेव्हा बाण थांबला यात नवल नव्हते. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्याच बोगद्यातून मी त्याच गाडीने चार वर्षे येत-जात होतो आणि तोपर्यंत बाण कधी थांबला नव्हता. आकाश दिसत नसताना तो इतके दिवस कशाच्या आधाराने चालत होता? बिघाड झाल्याशिवाय हा प्रश्न मला पडलाही नसता.

*

नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. त्याच भागात एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, त्यांच्याकडे गाडी नेली. सॅटेलाइटचा अँटेना बिघडला असावा, असे माझे निदान मी त्यांना ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि भलताच प्रश्न विचारला.

"गाडीत गाणी लावता ना काका? वेग वाढला की आवाज आपोआप मोठा होतो का?"

"पूर्वी व्हायचा."

"आणि आता?"

मला सांगता येईना. त्यांनी गाडी सोलापूर रस्त्यावर एक फेरी मारून आणली. आवाज वाढत नव्हता. काट्यावर वेग मात्र बरोबर दिसत होता आणि किलोमीटरचे आकडेही पुढे सरकत होते.

"मग सॅटेलाइटला कशाला बोल लावताय? उघड्यावर बाण नीट चालतो म्हणजे अँटेना ठीक. काटा चालतो म्हणजे चाकाकडचा सेन्सर ठीक. फक्त चाकाचा निरोप नकाशाच्या पेटीपर्यंत पोचत नाही."

चाकाचा निरोप! इतिहासाच्या अभ्यासकाला हा शब्द ऐकून कान टवकारावेसे वाटले. पुढचा अर्धा तास मी त्यांच्या स्टुलावर बसून ऐकत होतो आणि नंतरचे काही महिने त्या निरोपाचा माग काढत होतो.

गिअरबॉक्सच्या दांड्याजवळ, किंवा हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक चाकाजवळ, एक छोटा सेन्सर असतो. दात्यांची चकती त्याच्यासमोरून फिरते. प्रत्येक दात्यागणिक विजेचा एक ठोका उमटतो. मेकॅनिक त्याला पल्स म्हणतात. वेगाचा काटा, किलोमीटरचा आकडा, गाण्याचा आवाज आणि नकाशा, सगळे त्या ठोक्यांवर चालतात. आकाश दिसत असते तोवर नकाशाची पेटी उपग्रहांचे ऐकते. आकाश दिसेनासे झाले की शेवटच्या ठाऊक जागेपासून ती ठोके मोजू लागते: इतके ठोके म्हणजे इतके मीटर. दिशा कळण्यासाठी पेटीतच वळण ओळखणारा एक जायरो असतो. मागे जाताना ठोके वजा करता यावेत म्हणून रिव्हर्स दिव्याचीही एक तार तिला जोडलेली असते. मोबाइलला चाक नसते. बोगद्यात तो मागच्या वेगावरून अदमास बांधतो. गाडीतल्या पेटीकडे साक्षीदार असतो. माझ्या गाडीतला साक्षीदार गप्प झाला होता.

या ठोक्यांचे गणितही जुन्या यंत्राचा वारसा सांगते. १९०२ साली जर्मनीत ओटो शुल्झ यांनी चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. त्यानंतर कित्येक दशके गाडीच्या चाकाकडून काट्यापर्यंत एक फिरती केबल येत असे. जपानी मापदंडात ही केबल किलोमीटरला ६३७ फेरे घेते. केबल गेली आणि सेन्सर आला, तरी ६३७ चा आकडा तसाच राहिला. दर फेऱ्याला चार ठोके धरले की किलोमीटरला २,५४८ ठोके होतात, म्हणजे दर ३९ सेंटिमीटरला एक. आपल्या जुन्या हातापेक्षा जेमतेम चार बोटे कमी! शिवकाळातली जमिनीची काठी पाच हात पाच मुठींची होती, असे सभासद सांगतो. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा. काठी टाकत शेत मोजणारा माणूस आणि ठोके मोजत बोगदा ओलांडणारी पेटी यांची रीत एकच आहे. ठरलेले एक माप पुनःपुन्हा टाकायचे आणि किती वेळा टाकले ते विसरायचे नाही.

*

काठीने शेत मोजता येते, मुलूख मोजता येत नाही. लांबच्या अंतराचे आपले माप कोस. तो 'क्रोश' या संस्कृत शब्दातून आला आणि क्रोश म्हणजे हाक. हाक ऐकू जाईल ते अंतर, हा त्याचा उगम. साहजिकच प्रांतोप्रांती कोस वेगळा होता. सत्ता मोठी झाली की तिला कोस एकसारखा करावासा वाटे. बाबराने १५२८ च्या डिसेंबरात आग्रा ते काबूल हा रस्ता दोरीने मोजायला माणसे नेमली आणि दर नऊ कोसांवर मनोरा उभारण्याची आज्ञा दिली, हे त्याच्या आत्मचरित्रातच आहे.

दोरीला दोन माणसे लागतात, शिवाय दर वेळी थांबावे लागते. चाक थांबत नाही. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी अंतर मोजणाऱ्या रथाचे वर्णन केले आहे. चार फूट व्यासाचे चाक, त्याचा परीघ साडेबारा फूट, आणि चारशे फेरे झाले की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल. दर मैलाला दात्यांच्या चक्रातून एक गोटा सुटून पितळी भांड्यात पडे आणि आवाज होई. (चारला पायाने गुणले तर परीघ साडेबाराहून किंचित जास्त येतो. तेव्हा पहिल्या ज्ञात मापनचाकातही परिघाची थोडी चूक होतीच.) चीनमध्ये सुंग काळातल्या एका रथावर लाकडी बाहुल्या दर 'ली'ला ढोल वाजवत. तिथल्याच दुसऱ्या रथावरची बाहुली रथ कसाही वळला तरी दक्षिणेकडेच बोट दाखवी. डाव्या-उजव्या चाकांच्या फेऱ्यांतल्या फरकावरून ती रथाचे वळण ओळखत असे.

या बाहुलीची अडचण सहज हिशेबात मांडता येते. दोन चाकांत दीड मीटर अंतर आहे आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा शेकडा एकने लहान आहे असे धरा. सरळ रस्त्यावर शंभर मीटर गेल्यावर दोघांच्या मोजणीत एका मीटरचा फरक पडेल. बाहुलीला वाटेल की रथ अडतीस अंशांनी वळला. रथ सरळ, बाहुली मात्र तिरकी. चाक खोटे बोलत नाही. आपण किती मोठे आहोत, एवढेच त्याला ठाऊक नसते.

*

आज पेरांब्युलेटर म्हटले की बाबागाडी डोळ्यांपुढे येते. अठराव्या शतकातल्या सर्वेक्षकांच्या भाषेत ते मोजणीचे चाक होते. लांब दांड्याचे एक मोठे चाक, त्याला फेरे मोजणारी तबकडी. माणूस ते ढकलत चाले. १७६७ मध्ये बंगालचा सर्व्हेयर जनरल झालेला जेम्स रेनेल याच्या मोजणीत या चाकाचा मोठा वाटा होता. १७८३ साली त्याने हिंदुस्थानच्या नकाशासोबत एक निवेदनपर ग्रंथ काढला. मला तो इतिहासाच्या पद्धतीवरचा ग्रंथ वाटतो. कुठले अंतर कोणी मोजले, चाकाने की अदमासाने, कोणत्या प्रांतातला कोस किती मोठा, याची तो पानोपानी उलटतपासणी करतो. रस्त्याने मोजलेले अंतर सरळ रेषेतल्या अंतरापेक्षा जास्त असणारच, म्हणून वळणांसाठी ठराविक वजावटही करतो.

आपल्या मुलखाशी या चाकाचा संबंध आला तो चार्ल्स मॅलेटच्या वकिलातीमुळे. १७८५ मध्ये मॅलेट सुरतेहून उत्तरेकडे महादजी शिंद्यांच्या छावणीला गेला आणि पुढच्या वर्षी पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वस्ती होती. उत्तरेच्या प्रवासात त्याच्याबरोबर चार्ल्स रेनॉल्ड्स हा लष्करी सर्वेक्षक होता आणि तो वाटेची मोजणी करत होता. हाच रेनॉल्ड्स पुढे मुंबई इलाख्याचा सर्व्हेयर जनरल झाला. वकिलाच्या काफिल्यातला मोजणीदार म्हणजे राजकारणच होते. रस्ता कळला की फौजेची मजल कळते.

पण या चाकाचे दोष सर्वेक्षकांनाच सर्वांत चांगले ठाऊक होते. वाळूत ते घसरते, खडकावर उड्या मारते. चढावर ते आडवे अंतर न मोजता उताराची लांबी मोजते. ही शेवटची चूक वाटते तितकी मोठी नाही. दहास एक अशा चढावर किलोमीटरमागे पाचच मीटर वाढतात. खरी चूक वळणांची असते. घाटातला रस्ता तीन वेळा मागे फिरतो आणि चाक तिन्ही वेळा पुढेच गेल्याचे सांगते. सगळ्यांत वाईट म्हणजे या चुका एकमेकींत मिसळत जातात. शंभराव्या मैलावरच्या आकड्यात पहिल्या मैलाची चूकही असते आणि नुसत्या आकड्याकडे पाहून ती ओळखता येत नाही.

म्हणून शहाण्या सर्वेक्षकाने चाकावर कधी एकट्यावर विसंबणे ठेवले नाही. मुक्कामी रात्री ताऱ्यांची किंवा दुपारी सूर्याची उंची घेऊन तो अक्षांश काढी आणि उत्तर-दक्षिण अंतराचा चाकाचा हिशेब त्याच्याशी ताडून पाही. चाकाला ताऱ्यांची खबर नसते आणि ताऱ्यांना चाकाची. म्हणूनच दोघांचे जमले तर विश्वास ठेवावा, न जमले तर शोध घ्यावा.

विल्यम लॅम्टनने चाकच बाजूला ठेवले. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पोलादी साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांची साखळी रचत देश मोजायला घेतला. त्रिकोणाचे तीन कोन प्रत्यक्ष मोजले की त्यांची बेरीज बरोबर येते की नाही ते लगेच दिसते. प्रत्येक त्रिकोण स्वतःची चूक स्वतःच सांगतो. शिवाय काही शे मैल गेल्यावर तो पुन्हा एक पायारेषा साखळीने मोजी आणि त्रिकोणांवरून काढलेल्या लांबीशी ताडून पाही. बंगळूरजवळच्या अशा ताडणीत सात-आठ मैलांच्या रेषेमागे फरक आला तो काही इंचांचा. हे काम करता करताच १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला लॅम्टनने देह ठेवला. त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावाशी जगातल्या सर्वांत मोठ्या मोजणीचा असा संबंध आहे, हे तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

*

पुणेकराचा चाकाशी आणि साक्षीशी रोजचा संबंध मात्र रिक्षाच्या मीटरमुळे आला. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने पुण्यात ऑटोरिक्षा आली. रिक्षाच्या पुढच्या चाकाकडून केबल येई, ती लोखंडी मीटरमधली चक्रे फिरवी. "मीटर फास्ट आहे हो तुमचं," हे वाक्य म्हणजे या शहराच्या लोकसाहित्याचाच भाग आहे. पण मीटर फास्ट असायला लबाडीच लागते असे नाही. टायर झिजला की चाक लहान होते, लहान चाक त्याच रस्त्यावर जास्त फेरे घेते आणि मीटर पळते. म्हणून मीटरला सरकारी सील, म्हणून ठरावीक मुदतीने तपासणी आणि मोजलेल्या रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून चाचणी. हीसुद्धा दुसरी साक्षच. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले. केबलीच्या जागी ठोके आले. भांडण तेच राहिले.

गाडीतल्या नकाशाची वंशावळही अशीच चाकापासून सुरू होते. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत जोन्स लाइव्ह-मॅप नावाचे उपकरण निघाले. कागदी चकतीवर एका वाटेच्या सूचना छापलेल्या असत आणि गाडीच्या चाकाकडून आलेली केबल ती चकती फिरवी. कुठे वळायचे ते काट्याखाली येई. वाटेत कुणाकडे चहाला वळलात की पुढच्या सगळ्या सूचना चुकल्या. १९८१ मध्ये होंडाने जायरो आणि चाकाची मोजणी यांची सांगड घालून पारदर्शक नकाशामागे गाडीची खूण हलवून दाखवली.

खरी युक्ती १९८५ साली कॅलिफोर्नियात एटॅक नावाच्या उपकरणाने केली. हे नाव पॅसिफिक बेटांवरच्या नाविकांच्या दिशाज्ञानातल्या एका संज्ञेवरून घेतले होते. दोन चाकांवर सेन्सर, एक चुंबकीय होकायंत्र आणि कॅसेटवर साठवलेला नकाशा, एवढी त्याची सामग्री. उपग्रहाचा पत्ताही नव्हता. तरी बाण भरकटत नसे, कारण एटॅकने नकाशालाच साक्षीला बोलावले. गाडी शेतातून चालत नाही, रस्त्यावरूनच चालते. तेव्हा गाडी काटकोनात वळल्याचे चाकांनी सांगितले आणि नकाशात तिथून वीस मीटर पुढे चौक असला, तर गाडी त्या चौकातच आहे असे मानायचे आणि साचलेली चूक तिथे पुसून टाकायची. प्रत्येक वळणावर हिशेब चुकता.

उपग्रह आले तेव्हा नागरिकांना मिळणारा संकेत अमेरिकेने मुद्दाम ढोबळ ठेवला होता. शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये तो अडसर काढला गेला आणि बाण आपल्या रस्त्यावर आला. तेव्हापासून आपल्याला वाटू लागले की आकाशातूनच सगळे दिसते. चाक खाली मुकाट्याने मोजत राहिले आणि आपण त्याला विसरलो.

*

पुन्हा नाना पेठेत येऊ. निरोप कुठे अडला हे शोधायचे होते. इलेक्ट्रिशियनने आधी नकाशाच्या पेटीतले तपासणीचे पान उघडले. तिथे उपग्रहांची संख्या दिसत होती, जायरोचा आकडा हलत होता, रिव्हर्स टाकला की तशी खूण उमटत होती. पल्सच्या रकान्यात मात्र शून्य. गाडी ढकलली तरी शून्य. मग गाडी जॅकवर चढवून चाक हाताने फिरवायला मला बसवले. ते डॅशबोर्डखाली मल्टिमीटर धरून ओणवे झाले.

"हळू फिरवा काका. हळू."

काट्याच्या पेटीमागच्या तारेवर आकडा शून्य आणि पाच यांच्यामध्ये वर-खाली होत होता. प्रत्येक ठोका मला दिसत होता. माझ्याच हाताने फिरणाऱ्या चाकाचा निरोप होता तो. तीच तार नकाशाच्या पेटीशी तपासली तर काहीच नाही. म्हणजे बिघाड मधल्या दोन हातांच्या तारेत. टेप सोडली. कधीतरी कुणीतरी तार सोल्डर न करता नुसती पिळून जोडली होती. जोड हिरवा पडला होता आणि एक धागा जेमतेम अडकून होता. चार वर्षे त्या एका धाग्यावर मी कात्रज ओलांडत आलो होतो.

जोड सोल्डर झाला, रकान्यात आकडे धावू लागले. पण काम तिथे संपले नाही. "टायर कधी बदलले?" त्यांनी विचारले. मागच्याच महिन्यात, मी म्हटले. त्यांनी पेटीची जुनी शिकवण पुसून टाकली. ही पेटी उघड्या रस्त्यावर उपग्रहांशी ताडून एका ठोक्याला किती अंतर ते स्वतःच शिकत असते. माझ्या मापाचा, म्हणजे १८५/६५ आर१५, नवा टायर कागदावर ६२१ मिलिमीटर व्यासाचा, परीघ १.९५ मीटर, किलोमीटरला ५१२ फेरे. सहा मिलिमीटर झिजल्यावर तोच टायर ५२२ फेरे घेतो. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे किलोमीटरमागे एकोणीस मीटर. झिजलेल्या चाकाची शिकवण नव्या चाकाला लावली असती तर बाण बोगद्यातून माझ्यामागे वीसएक मीटर रेंगाळत आला असता. ठोका बरोबर आणि अर्थ चुकीचा!

निघताना मी विचारले, बिघाड तारेत आहे हे तुम्हाला पहिल्याच प्रश्नात कसे कळले?

"कळलं नव्हतं. पण बिघाड एकाच ठिकाणी दिसत होता ना? सगळं बिघडलेलं असतं तर सगळीकडे दिसलं असतं. कुठे होतं नि कुठे होत नाही, एवढंच बघायचं."

*

हे वाक्य ऐकून गप्प होण्याचे मला खास कारण होते. बारा वर्षांपूर्वी मी उत्तर पेशवाईतल्या पुणे-सातारा वाटेवरच्या मुक्कामांवर एक टिपण छापले होते. प्रवासखर्चाच्या एका यादीत कारकुनाने प्रत्येक मजलीचे कोस मांडलेले होते. मी कोसाला सव्वातीन किलोमीटरने गुणले, आजच्या महामार्गाच्या अंतराशी ताडले आणि बेरीज जास्त येते असे पाहून लिहून टाकले : "भत्त्याच्या लोभाने कारकुनाने अंतर फुगवले असावे." वाक्य वाचकांना आवडले होते. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांबद्दल आपली जी समजूत आहे तिच्यात ते चपखल बसले. पुढे दोन लेखांत ते उद्धृतही झाले.

नाना पेठेतून घरी आल्यावर मी ते टिपण काढले. या खेपेला बेरीज न पाहता एकेक मजल वेगळी मांडली. शिरवळच्या आसपासच्या सपाटीवरच्या मजलींचे कोस जवळजवळ बरोबर होते. फरक पडत होता तो दोनच ठिकाणी, कात्रजच्या घाटात आणि खंबाटकीच्या घाटात. भत्त्यासाठी अंतर फुगवणारा माणूस प्रत्येक मजलीत थोडे थोडे वाढवील. नेमके घाटातच कशाला वाढवील? ज्या महामार्गाशी मी त्याला ताडत होतो तो डोंगर पोखरून गेलेला. कारकुनाची वाट डोंगरावरून, वळसे घेत, बैलांच्या दमाने गेलेली. शिवाय त्याचा कोस चालण्याच्या कष्टाला धरून होता, माझा कोस कोष्टकातला. आणि यादीतच दुसरा साक्षीदार हजर होता. कूच कधी केले आणि मुक्कामास कधी पोचलो याच्या घटका त्याने प्रत्येक दिवशी लिहून ठेवल्या होत्या. घाटाच्या दोन्ही दिवशी चालण्याच्या घटका त्याच प्रमाणात जास्त भरत होत्या. त्या मी बारा वर्षांपूर्वी वाचल्या होत्या आणि अनावश्यक म्हणून सोडून दिल्या होत्या.

कारकुनाचे चाक ठीक होते. मधली तार माझी तुटलेली होती.

दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अनामिक माणसाला चोर ठरवल्याने कुणाचे काय बिघडले, असे कुणी म्हणेल. त्याला वारस नाहीत, तो दावा लावायला येणार नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याजवळ साक्षीदारच असतात, दुसरे काही नसते. आणि बहुतेक साक्षीदार असेच मुके, एका ओळीपुरते उरलेले. आपल्या मापात ते बसत नाहीत म्हणून त्यांना खोटे ठरवणे फार सोपे असते, विशेषतः तसे ठरवले की वाक्य चटकदार होते तेव्हा. एका कोष्टकावर विसंबून मी निकाल दिला. रेनेल अडीचशे वर्षांपूर्वी प्रत्येक कोसाला "तू कुठला, तुला कोणी मोजले" असे विचारत होता. मी विचारले नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा साताऱ्याहून आलो. बोगद्याच्या तोंडाशी उपग्रहांची खूण विझली आणि बाण चालत राहिला. दिव्यांच्या रांगा मागे सरकत होत्या आणि कुठेतरी खाली चाक दर हातागणिक एक ठोका वर पाठवत होते. सव्वा मिनिटाने आम्ही दोघेही एकाच वेळी बाहेर आलो. वळण आले तेव्हा सूचना आधीच मिळालेली होती. वळण्यापूर्वी मात्र मी आरशात आणि समोरच्या पाटीवरही पाहून घेतले.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या टिपणातले कारकुनाविषयीचे वाक्य मी या लेखाद्वारे मागे घेतो. ज्यांनी ते उद्धृत केले आहे त्यांनी कृपया नोंद घ्यावी.